कढीपत्त्यावरची अळी फुलपाखरू होईपर्यंत कशी सांभाळायची, आणि नेमकं कुठे चुकतं

कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर अळी दिसली की काही घरांत ती चिमट्याने उचलून फेकतात. काही घरांत मुलांना फुलपाखरू दाखवायचं म्हणून ती बरणीत भरतात, झाकणाला चार भोकं पाडतात आणि आठवड्याभरात आत काळी पडलेली अळी सापडते. हा लेख या दुसऱ्या घरांसाठी आहे. हौस चांगली आहे, क्रम चुकतो. अळी खात असते तोवर सगळे नीट लक्ष देतात. ती खाणं थांबवते, तेव्हापासून पंख वाळेपर्यंत मात्र लोक नको तिथे हात लावतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. म्हणून पुढचे काही टप्पे थोडक्यात उरकले आहेत आणि कोषाबद्दल मात्र जास्त लिहिलं आहे.

## टप्पा १: अळी कोणाची ते आधी ठरवा

महाराष्ट्रात आणि गोव्यात घराजवळच्या कढीपत्ता, लिंबू, मोसंबी, पपनस, बेल या झाडांवर प्रामुख्याने तीन फुलपाखरांच्या अळ्या भेटतात: कॉमन मॉरमॉन, लाइम आणि ब्लू मॉरमॉन. ब्लू मॉरमॉन म्हणजे नीलवंत, २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं. तो जास्त करून मोठ्या पानांच्या झाडांवर, म्हणजे पपनस, लिंबू, माकडलिंबू यांवर येतो. कढीपत्त्याच्या कुंडीत सापडलेली अळी बहुधा कॉमन मॉरमॉनची किंवा लाइमची असते.

लहानपणी तिघींच्या अळ्या जवळजवळ सारख्याच दिसतात. तपकिरी-काळा रंग, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. पानावर पक्ष्याची शीट पडली आहे असंच वाटतं, आणि त्यामुळेच पक्षी तिला सोडून देतात. शेवटची कात टाकल्यावर तीच अळी हिरवीगार होते. पुढचा भाग फुगीर, त्यावर डोळ्यांसारख्या खुणा आणि बाजूंना तिरके तपकिरी पट्टे.

तपासा: मऊ ब्रशने पाठीला अगदी हलका स्पर्श करा. डोक्यामागून लालसर दुफाटी शिंगं बाहेर आली आणि कुजक्या लिंबासारखा उग्र वास आला, तर अळी याच कुळातली. ही तिची संरक्षणाची ग्रंथी आहे. परीक्षा एकदाच करा, आल्यागेल्याला दाखवायला पुन्हा पुन्हा डिवचू नका.

सावधान: अंगावर केस असलेली अळी यांच्यातली नाही. काही केसाळ अळ्यांमुळे अंगाला जबर खाज सुटते. तिला हात लावू नका.

## टप्पा २: आधी पाला मोजा, मग अळ्या

अळी घरात आणण्याआधी करायची ही तयारी आहे आणि नेमकी हीच राहून जाते. लहान अळी दिवसभरात पानाचा कोपरा खाते, म्हणून एक फांदी महिनाभर पुरेल असं वाटतं. पण अळी आयुष्यात जेवढं खाते त्यातला मोठा वाटा शेवटच्या हिरव्या अवस्थेतल्या चार-पाच दिवसांत खाते. दीड-दोन फुटांच्या कढीपत्त्याच्या कुंडीवर दोन-तीन अळ्या पोसल्या जातात. पाच-सहा ठेवल्या तर अगदी शेवटी, जेव्हा थांबणं शक्य नसतं तेव्हा, पाला संपतो.

मग लोक बाजारातून कढीपत्त्याची जुडी आणतात, आणि ही सगळ्यात घातक चूक आहे. बाजारच्या पाल्यावर कशाची फवारणी झाली आहे हे आपल्याला कळत नाही. धुतल्याने वरचा अंश थोडा कमी होईल, पण झाडाच्या रसात भिनणारी औषधं धुऊन जात नाहीत. नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपाचंही तेच. असं रोप दोन-तीन महिने आपल्याकडे वाढू द्या, नवी पालवी येऊ द्या आणि मगच त्यावर अळी ठेवा.

तयारीत इतकं हवं:

- फवारणी न झालेल्या झाडाचा पाला, शक्यतो दोन कुंड्यांमधला. शेजाऱ्यांचं झाड असेल तर त्यांनी निंबोळी तेल किंवा बीटी (जिवाणूंपासून बनवलेलं अळीनाशक) मारलं आहे का ते विचारून घ्या. बीटी माणसाला त्रास देत नाही, पण ते अळ्या मारण्यासाठीच असतं.
- किमान एक फूट उंचीचा, तोंडाशी रुंद डबा किंवा खोका. वर पातळ सुती कापड किंवा मच्छरदाणीचा तुकडा, रबराने ताणून बसवलेला.
- तळाला वर्तमानपत्राचा कागद.
- पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, खरखरीत सालीच्या तीन-चार वाळक्या काड्या.
- फांदी उभी ठेवायला अरुंद तोंडाची छोटी बाटली आणि तोंड बुजवायला कापूस.

गॅलरीत जागा असेल तर डब्याच्या भानगडीत पडूच नका, असं माझं मत. कुंडीतल्याच एका भरगच्च फांदीवर अळी राहू द्या आणि त्या फांदीला मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी घाला. पाला ताजा राहतो, हवा खेळते, विष्ठा खाली पडते, बुलबुल आणि सरडे यांची भीती राहत नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा.

सावधान: ज्या खोलीत डास मारायचं यंत्र, अगरबत्ती किंवा झुरळांचा स्प्रे वापरता तिथे अळी ठेवू नका. कुत्र्याला गोचिडांचं औषध लावलं असेल तर त्याच हातांनी पानं बदलू नका. ही औषधं कीटकांसाठीच बनवलेली आहेत आणि अळी हा कीटकच आहे.

## टप्पा ३: अंडं

मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान थोपटून त्याची चव घेते आणि पसंत पडलं तरच पोट वाकवून एक अंडं चिकटवते. मग उडून दुसऱ्या शेंड्यावर. म्हणून अंडी घोळक्याने सापडत नाहीत, कोवळ्या पालवीवर एकेक सापडतात. मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळसर, गोल मणी. पावसाळ्यात आणि त्यानंतर झाडाला नवी फूट येते तेव्हा शेंडे दोन्ही बाजूंनी बघा. फोडणीसाठी पानं तोडतानाही हीच सवय ठेवा.

अंडं पानावरून सोडवायला जाऊ नका, फुटतं. पानासकट डहाळी कापा आणि बाटलीत उभी करा. उबदार हवेत तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते. आधीच्या दिवशी कवचातून आतलं गडद डोकं ठिपक्यासारखं दिसतं.

तपासा: अख्खं अंडं एकसारखं काळंभोर झालं आणि काळंच राहिलं, तर त्यात बहुधा ट्रायकोग्रामासारख्या सूक्ष्म गांधीलमाशीने अंडी घातली आहेत. त्यातून अळी येणार नाही. ते अंडं पानासकट बाहेर ठेवून द्या, ती माशीही बागेच्या कामाची आहे.

## टप्पा ४: शिटेसारखी लहान अळी

बाहेर आल्यावर ती आधी अंड्याचं कवच खाते. तिथून तिला हलवू नका. पुढे ती पानाच्या वरच्या बाजूला रेशमाची एक झिरझिरीत गादी विणते, तिथेच बसते, खायला कडेला जाते आणि परत तिथेच येते. ही गादी भिंगातून नीट दिसते. अळी ओढून काढली तर पाय त्या रेशमात अडकून फाटतात, म्हणून या अवस्थेत अळीला बोटाने उचलायचंच नाही. पान सुकलं की अळी बसलेला तुकडा कात्रीने कापून नव्या ताज्या पानावर ठेवा. ती आपणहून उतरेल.

पाण्याची बाटली हा इथला सापळा आहे. तोंड उघडं राहिलं तर अळी देठावरून खाली सरकत पाण्यात जाते आणि बुडते. कापसाने घट्ट बुजवा. पानं धुतली तर पूर्ण कोरडी करूनच आत ठेवा. अळीला वाटीत पाणी ठेवायची मुळीच गरज नाही, तिला लागणारं पाणी पानातूनच मिळतं.

झाड मध्येच बदलू नका. कढीपत्त्यावर वाढलेली अळी लिंबाचं पान काही वेळा घेते, काही वेळा तोंडही लावत नाही. कोबी, पालक, जास्वंद यांचा तर प्रश्नच नाही. या अळ्या लिंबाच्या कुळातली पानंच खातात, दुसऱ्या पानांच्या ढिगावर बसून उपाशी मरतात.

कधी अळी दिवसभर हलत नाही, खात नाही, डोकं जरा पुढे फुगल्यासारखं दिसतं. लोक घाबरून तिला हलवून बघतात. ती आजारी नसते, कात टाकायच्या तयारीत असते. कोषापूर्वी अळी चार वेळा कात टाकते, प्रत्येक वेळी हे घडतं. तिला तशीच राहू द्या. टाकलेली कात ती बहुधा खाऊन टाकते, तीही काढून घेऊ नका.

## टप्पा ५: हिरवी अळी

आता पाला दिवसातून दोनदा बघायचा. रात्री झोपण्याआधी फांदी भरलेली असू द्या. विष्ठेच्या गोळ्या रोज झटकून कागद बदला. कोंडलेला ओलावा आणि साचलेली विष्ठा मिळून बुरशी आणि रोग येतात, आणि रोग आला की त्या डब्यातली एकही अळी सहसा वाचत नाही. डब्याच्या आत पाण्याचे थेंब जमत असतील तर हवा कमी पडते आहे.

लहान अळ्या आणि मोठ्या अळ्या एकत्र ठेवू नका. मोठी अळी पान खाताना त्यावरच्या अंड्याकडे किंवा पिल्लाकडे बघत नाही. डबा उन्हातही ठेवायचा नाही. खिडकीत अर्धा तास ऊन आलं तरी काचेच्या बरणीत आतली हवा इतकी तापते की अळी भाजून निघते.

तपासा: अळी मऊ पडून लोंबते आहे, काळपट झाली आहे, दुर्गंधी आहे: ती लगेच वेगळी करा, फांदी फेका, डबा साबणाने धुवा. अळीच्या अंगावर किंवा शेजारी पांढऱ्या-पिवळ्या तांदळाच्या कणीसारखे कोष चिकटलेले दिसले, तर परजीवी गांधीलमाशीने तिला आधीच गाठलं होतं. मच्छरदाणीची जाळी या बारीक माशीला अडवत नाही. त्यासाठी अंडं सापडताच पातळ सुती कापडाआड आणणं हाच उपाय.

अंड्यातून बाहेर आल्यापासून इथवर साधारण दोन आठवडे जातात, थंडीत जास्त.

## टप्पा ६: अळी खाणं थांबवते, आणि तुमचे हात थांबायला हवेत

सकाळपर्यंत अधाशासारखी खाणारी अळी पान सोडते. रंग जरा उतरल्यासारखा होतो, अंग आखडतं. मग ती रोजच्या कोरड्या गोळीऐवजी पातळ, हिरवट शी करते. याला जुलाब समजून लोक पाला बदलतात, अळी धुतात, कोणी हळदीचं पाणी शिंपडतं. यातलं काहीही करायचं नाही. ती कोषात जाण्याआधी पोट रिकामं करते आहे. कागद तेवढा बदला.

यानंतर ती भटकायला लागते, आणि घरातल्या अळ्या इथेच हरवतात. उघड्या कुंडीवर असेल तर खाली उतरून भिंतीवर, गजांवर, कपड्यांच्या दोरीवर कुठेही जाते. फांदीची पिशवी किंवा डब्याचं कापड घट्ट आहे ना ते या दिवशी बघा. डब्यात काड्या आधीपासून उभ्या-तिरक्या लावलेल्या हव्यात. अळी फिरायला लागल्यावर काड्या खुपसत बसलात तर ती बिचकून परत परत जागा बदलते.

जागा पसंत पडली की डोकं वर करून ती थांबते. काडीवर आधी रेशमाचा एक छोटा पुंजका विणते आणि शेपटीकडचं टोक त्यात रोवते. मग डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत अंगाभोवती रेशमाचा फास तयार करते आणि त्यात पाठ टेकून मागे रेलते. गवंडी किंवा नारळ पाडणारा कमरेला दोर बांधून रेलतो तशी. हे विणणं सावकाश चालतं. शेजारी बसून पाहण्यासारखं आहे, मोबाइलचा दिवा मात्र तिच्यावर रोखू नका.

अशी वाकून बसलेली अळी साधारण एक दिवस हलत नाही. मग पाठीवर कातडी चिरते, आतून कोष वर येतो आणि वळवळत जुनी कात शेपटीकडे ढकलून टाकतो. त्या काही मिनिटांत त्याला काडीवर धरून ठेवणारा आधार फार थोडा असतो. कोणी तेव्हा काडी उचलून दाखवायला नेली तर कोष खाली पडतो.

सावधान: नवा कोष मऊ असतो, कवच घट्ट व्हायला वेळ लागतो. बोटाचा दाब लागला तर आतलं द्रव्य फुटून येतं आणि सगळं तिथेच संपतं. पहिले दोन दिवस कोषाला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही.

फास तुटून कोष पडलाच तर घाबरू नका. दोन दिवस मऊ कापडावर तसाच राहू द्या. मग जाड, खरखरीत कागदाचा छोटा कोन करा, भेळेच्या पुडीसारखा पण कोषापुरता अरुंद. त्यात शेपटीकडचं निमुळतं टोक खाली आणि डोकं वर येईल असा कोष अलगद उभा ठेवा. कोन खोक्याच्या भिंतीला टाचा. कोषाला गोंद लावू नका. फुलपाखराला वर चढायला कोनाच्या वर खडबडीत कापड किंवा काडी मात्र हवी.

## टप्पा ७: कोष

हिरवा कोष चांगला आणि तपकिरी म्हणजे मेलेला, ही समजूत चुकीची आहे. हिरव्या, गुळगुळीत फांदीवर बसलेला कोष बहुधा हिरवा होतो, वाळक्या काडीवरचा तपकिरी. दोन्हींतून तितकंच चांगलं फुलपाखरू येतं.

उबदार दिवसांत आठ ते बारा दिवस लागतात. हिवाळ्यात बरेच जास्त लागू शकतात. पंधरा दिवस झाले म्हणून कोष फोडून बघणारे लोक मी पाहिले आहेत, आणि आत अर्धवट तयार झालेलं जिवंत फुलपाखरू असतं. थांबा. हवा फार कोरडी असेल तर वरच्या कापडावर एक दिवसाआड पाण्याचा हलका फवारा द्या, कोष भिजवू नका.

तपासा: शेवटच्या दिवशी कोष गडद होतो आणि कवचातून पंखांची नक्षी दिसते. ही चांगली खूण आहे. कोष काळा, मऊ आणि वास मारणारा असेल तर तो गेला. त्यावर बारीक गोल भोक दिसलं तर आतून फुलपाखराऐवजी परजीवी माश्या निघून गेल्या आहेत.

## टप्पा ८: पंख वाळेपर्यंत

फुलपाखरं बहुधा सकाळी बाहेर पडतात. पोट फुगलेलं, पंख चुरगळलेल्या कापडासारखे. हे पाहून लोकांना ते अपंग वाटतं आणि ते पंख उघडायला जातात. त्याला फक्त वर चढून पंख खाली लोंबतील अशी जागा हवी असते. पोटातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकललं जातं आणि पंधरा-वीस मिनिटांत पंख पूर्ण आकाराचे होतात. जागा नसेल, कोष तळाशी असेल किंवा गुळगुळीत प्लास्टिकवर पाय घसरत असतील तर पंख वाकडेच वाळतात आणि मग काही करता येत नाही. डब्याची उंची टप्पा दोनमध्ये एक फूट सांगितली ती याचसाठी.

याच वेळी ते सोंड गुंडाळत-उलगडत बसतं. बाहेर येताना सोंडेचे दोन उभे भाग सुटे असतात, ते या हालचालीतून जुळतात. व्यत्यय आला तर सोंड नीट जुळत नाही आणि पुढे त्याला रस पिता येत नाही. पंखा, फुंकर, केस वाळवायचं यंत्र, कापूस, काहीच नको. खाली लालसर-तपकिरी थेंब पडले तर रक्त समजू नका. कोषात साठलेला मल फुलपाखरू टाकतं आहे. घसरून पडलं तरच काडी त्याच्या पायांशी धरा, ते आपणहून चढेल.

कोणतं फुलपाखरू ते आता कळतं. पिवळसर-काळ्या ठिपक्यांचं, शेपटी नसलेलं आणि मागच्या पंखावर लाल ठिपका असलेलं लाइम. मोठं, काळं, मागच्या पंखावर निळसर पट्ट्याचं नीलवंत, यालाही शेपटी नसते. काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग आणि छोटी शेपटी असलेला कॉमन मॉरमॉनचा नर. मादीची तीन रूपं आहेत. एक नरासारखं, एक कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारखं आणि एक क्रिमसन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखं. घरच्या कढीपत्त्यावर वाढवलं आणि कॉमन रोझ निघालं, असं बरेचजण सांगतात. अंग बघा. रोझचं डोकं आणि पोट लाल असतं, मॉरमॉनच्या मादीचं काळं. शिवाय कॉमन रोझची अळी कढीपत्ता खातच नाही.

## टप्पा ९: सोडणं आणि आवरणं

पंख पसरल्यावर लगेच बाहेर काढू नका. तीन-चार तास जाऊ द्या. ते पंख उघडझाप करायला लागलं की डबा बाहेर नेऊन कापड काढा आणि बाजूला व्हा. ऊन असेल तेव्हा सोडा. संध्याकाळी किंवा धो धो पावसात सोडलेलं फुलपाखरू उडतच नाही. पावसामुळे एक दिवस ठेवावं लागलं तर चालतं, पहिल्या दिवशी त्याला खायची घाई नसते. दुसऱ्या दिवशीही पाऊस असेल तर पातळ साखरपाण्यात भिजवलेला कापूस पायाजवळ ठेवा. पंख धरून उचलू नका, खवले गळतात.

एक्झोरा, पेंटास, सदाफुली असलेल्या जागी सोडलं तर उत्तम. संत्रा-मोसंबीच्या रोपवाटिकेजवळ मात्र सोडू नका. कोवळी कलमं या अळ्या अक्षरशः खराट्यासारखी करतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या बागायतदाराचं ते खरं नुकसान आहे. आपल्याच शेतात रोपांवर अळ्या असतील तर त्या वेचून बांधावरच्या बेलाच्या किंवा जुन्या लिंबाच्या झाडावर ठेवता येतात. जंगलातून, अभयारण्यातून अंडी किंवा अळ्या आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली काही फुलपाखरांना संरक्षण आहे. आपल्या कुंडीत आलेलं सांभाळा, तेवढं पुरे.

डबा रिकामा झाला की काड्या आणि कागद फेकून द्या. डबा साबणाने घासा, गरम पाण्याने धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. आधीच्या खेपेत एखादी अळी रोगाने मेली असेल तर कापडही नवं घ्या. खाऊन उघड्या पडलेल्या फांद्या वरून चार-सहा इंच छाटा आणि कुंडीत मूठभर शेणखत घाला. कढीपत्ता नवी पालवी काढेपर्यंत त्यावर पुढची अळी ठेवू नका.